परिचालन प्रणालीचे मूळ संहितेवरून नूतनीकरण

परिचालन प्रणालीचे मूळ संहितेवरून नूतनीकरण : संगणकावर आधी बसविलेली परिचालन प्रणाली पुसून न टाकता तिच्या मूळ संहितेतील बदल मिळवून, त्या संहितेचे पुन्हा यंत्रभाषेत रूपांतर करून प्रणालीची नवी आवृत्ती जागच्या जागी सिद्ध करण्याची पद्धती. तीत वापरकर्त्यांच्या फाइली, खाती व वर्षानुवर्षे केलेली मांडणी शाबूत राहते. ज्या प्रणालीची संहिता वाचण्याची व बदलण्याची मुभा असते, तिलाच ही पद्धती लागू पडते. त्यामुळे तिचा इतिहास हा बव्हंशी या मुभेचाच इतिहास होय.

ऐतिहासिक आढावा : बेल प्रयोगशाळांत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीच्या निर्मितीस प्रारंभ केला. १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेल्याने एकच संहिता निरनिराळ्या यंत्रांसाठी वापरता येऊ लागली. विद्यापीठांना ती संहितेसह मिळत असे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने तीत भर घालून स्वतःच्या आवृत्त्या प्रसृत केल्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला व लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. बर्कली परंपरेतील फ्रीबीएसडी ही प्रणाली १९९३ मध्ये अवतरली. संहितेच्या मालकीवरून १९९२ मध्ये सुरू झालेला न्यायालयीन वाद १९९४ मध्ये तडजोडीने मिटला, तेव्हा या परंपरेचा मार्ग निर्वेध झाला.

कार्यपद्धती : फ्रीबीएसडीमध्ये प्रथम जुन्या कंपाइलरच्या साहाय्याने नवा कंपाइलर तयार करतात व त्याच्याकडून उर्वरित प्रणालीचे रूपांतर करून घेतात. या काळात संगणकाचे नेहमीचे काम चालू राहू शकते. नंतर आधी नवा गाभा बसवून संगणक पुन्हा सुरू करतात आणि मगच इतर आज्ञावल्या बदलतात. या क्रमाला कारण आहे. नवा गाभा सामान्यतः जुन्या आज्ञावल्या चालवू शकतो. परंतु नव्या आज्ञावल्यांनी मागितलेल्या सेवा जुन्या गाभ्यात नसण्याचा संभव असतो. क्रम उलटल्यास यंत्र सुरू होण्यासही अडथळा येऊ शकतो. अखेरीस मांडणीच्या फाइलींत वापरकर्त्याने केलेले फेरफार व नव्या आवृत्तीतील फेरफार यांचा मेळ घालतात. हा टप्पा सर्वांत नाजूक असतो, कारण येथे माणसाचा निर्णय लागतो.

पुण्यातील परंपरा : संहिता आपल्या हाती असण्याचे महत्त्व पुण्यात प्रथम महासंगणकाच्या संदर्भात प्रत्ययास आले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने अधिक शक्तिशाली क्रे महासंगणक भारताला देण्याचे नाकारले. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. पुढील ‘परम ८६००’ या यंत्रात नवे प्रक्रियक जोडण्यात आले, तरी ‘परास’ हे आज्ञावली-पर्यावरण तेच राहिले व आधीच्या आज्ञावल्या नव्या यंत्रावर नेता आल्या. ‘परास’ मुक्त प्रणाली नव्हती. तथापि जुने न मोडता नवे घडविण्याचे तत्त्व येथे दिसते.

दुसरे उदाहरण मराठी लिपीचे आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोड प्रमाणकात स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेतही त्याचा समावेश झाला. त्याआधी बसविलेल्या प्रणालीत हे अक्षर दिसण्यासाठी टंक नवा असणे आवश्यक होते. ‘दऱ्या’ मधील अर्धा र आणि मराठी वळणाचे ल व श यांसाठी टंकाबरोबरच अक्षरजुळणी करणारी आज्ञावलीही अचूक असावी लागते. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखाली प्रसृत केले. त्यांच्या पुढील सुधारणेत कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा वाटा आहे. अशा सुधारणेसाठी संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागत नाही. सदोष घटक तेवढा संहितेतून पुन्हा तयार करता येतो. संहिता बंद असल्यास मात्र अक्षर बिघडलेले दिसत असूनही निर्मात्याची वाट पाहणे एवढेच वाचकाच्या हाती उरते. नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोरा या लिनक्स-प्रणालीच्या वापरकर्त्यांची व विकासकांची परिषद भरली होती.

मूल्यमापन : या पद्धतीला वेळ, वीज व जाणकार लागतात, मध्येच खंड पडल्यास प्रणाली अर्धवट राहण्याचा धोका असतो. म्हणून आधी सर्व माहितीची प्रत काढून ठेवणे इष्ट ठरते. फ्रीबीएसडीच्या २००७ मधील ६.२ या आवृत्तीपासून तयार यंत्रसंहितेद्वारे नूतनीकरण करण्याचे साधन मूळ प्रणालीतच समाविष्ट झाले व सामान्य वापरासाठी तेच सोयीचे ठरले. तरीही जेथे घटकांत स्वतः बदल करावयाचा असतो किंवा वापरात असलेली प्रणाली कशापासून बनली आहे हे पडताळावयाचे असते, तेथे मूळ संहितेचा मार्ग अपरिहार्य ठरतो.