सोबत कोणी पुरुषमाणूस नाही का?



मागच्या वर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनात आम्ही पापड-लोणच्यांचा स्टॉल लावला होता. पहिल्याच दिवशी विक्री चांगली झाली, म्हणून रात्री सातजणी एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो. दारातल्या माणसाने आमच्या मागे नजर टाकली आणि विचारलं, "सोबत कोणी पुरुषमाणूस नाही का?" पिशवीत पैसे होते, तरी आम्ही मागे फिरलो. खोलीवर जाऊन डब्यातली भाकरी-चटणी खाल्ली. हा प्रश्न फार जुना आहे, हे पुढे वाचताना कळलं. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात डेल्मोनिकोज नावाचं हॉटेल आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या दोन भावांनी 1827 मध्ये ते केक आणि कॉफीच्या दुकानापासून सुरू केलं. पुढे ते श्रीमंतांचं हॉटेल झालं आणि स्टेकसाठी नावाजलं. स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड तुकडा, विस्तवावर भाजलेला. आपल्यातल्या बऱ्याचजणी तो खाणार नाहीत. पण तिथल्या टेबलाशी कोणाला बसू देत, ते ऐकण्यासारखं आहे. त्या काळी शहरातल्या चांगल्या हॉटेलांत पुरुष सोबत नसलेल्या बाईला जेवण वाढत नसत. एकटी आली म्हणजे तिच्या वागण्यावरच शंका.

1868 मध्ये इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्स अमेरिकेत आले होते. न्यूयॉर्क प्रेस क्लबने डेल्मोनिकोजमध्ये त्यांना मेजवानी द्यायचं ठरवलं. जेन क्रोली या 'जेनी जून' या नावाने लिहिणाऱ्या पत्रकार. त्यांनी रीतसर तिकीट मागितलं, तर क्लबने टाळाटाळ केली. अगदी शेवटी निरोप आला, की पुरेशा बायका जमत असतील तर या. क्रोलीबाईंनी असलं उशिरा आलेलं बोलावणं नाकारलं आणि मैत्रिणींना जमवून बायकांचा स्वतःचा क्लब काढला. 18 एप्रिलला ती मेजवानी झाली. 20 एप्रिलला या बायका त्याच डेल्मोनिकोजमध्ये, एकही पुरुष सोबत न घेता, जेवायला बसल्या.

क्लबचं नाव ठेवलं सोरोसिस. हा वनस्पतिशास्त्रातला शब्द आहे. पुष्कळ फुलं एकत्र वाढून त्यांचं एकच फळ होतं, त्याला सोरोसिस म्हणतात. आपला फणस तसाच. त्यातला एकेक गरा एकेका फुलापासून होतो. बचत गटाला याहून शोभेल असं नाव कोणतं?

पुढची गंमत ऐका. प्रेस क्लबने सोरोसिसच्या बायकांना नाश्त्याला बोलावलं. भाषणं सगळी पुरुषांनी केली, बायकांनी नुसतं ऐकायचं. मग बायकांनी त्यांना चहाला बोलावलं, आणि तिथे पुरुषांना एक शब्द बोलू दिला नाही! तिसऱ्या वेळी दोघांनी खर्च निम्मा-निम्मा केला आणि दोघंही बोलले.

म्हणून सगळीकडची दारं लगेच उघडली असं नाही. 1907 मध्ये हॅरिअट ब्लॅच यांना संध्याकाळी दुसऱ्या एका हॉटेलाने याच कारणावरून परत पाठवलं. त्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. पण गट वाढत होते. 1889 मध्ये सोरोसिसने ठिकठिकाणच्या क्लबांना न्यूयॉर्कला बोलावलं, तेव्हा 61 क्लब आले. आपण ग्रामसंघ करतो तसा 1890 मध्ये त्यांचा महासंघ झाला.

इथपर्यंत वाचताना आम्हाला फार अभिमान वाटत होता. पुढचं वाचून मान खाली गेली. 1900 मध्ये जोसेफिन रफिन या कृष्णवर्णीय बाई आपल्या क्लबच्या प्रतिनिधी म्हणून महासंघाच्या अधिवेशनाला गेल्या. त्यांच्या क्लबला तिथे जागा दिली गेली नाही. ज्यांना एकदा दारातून परत पाठवलं होतं, त्यांच्याच महासंघाने आता दुसरीला अडवलं.

मैत्रिणींनो, आम्ही तरी काय केलं? संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू झालं. आमचा जमाखर्च चोख ठेवणारी, कर्जाचा एक हप्ता न चुकवलेली बाई त्या दिवशी घरीच बसली होती. तिचा नवरा वारलेला आहे, म्हणून आम्ही तिला बोलावलंच नव्हतं. 'सोबत पुरुष नाही का' हाच प्रश्न आम्हीही तिला विचारला, फक्त तोंडाने बोललो नाही.

मासिक सभेत हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हातारी सदस्य म्हणाली, "पुढच्या वर्षी पहिलं वाण तिला." दोघी-तिघींना पटलं नाही, त्यावर वादही झाला. शेवटी ठराव झाला आणि इतिवृत्तात लिहिला. लिहिला तिनेच, कारण अक्षर तिचंच चांगलं.

दिवाळीत पुन्हा प्रदर्शन आहे. यंदा आठजणी जाणार आहोत. त्या हॉटेलाच्या दारातही जाणार आहोत, आणि या वेळी मागे फिरणार नाही.

तुमच्या गटाच्या पंगतीत कोणाची जागा रिकामी आहे? पुढच्या सभेत एकदा मोजून बघा.