नांदेड : उत्सव आणि क्रीडापरंपरा

नांदेड : मराठवाड्यातले गोदावरीकाठचे शहर, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आणि शिखांच्या पाच तखतांपैकी एकाचे स्थान. पंजाबबाहेर तखते दोनच, एक पाटण्याला आणि दुसरे इथे. मोठ्या उत्सवांचे आणि स्पर्धांचे यजमानपद या शहराला कुणा क्रीडा संघटनेने किंवा पर्यटन खात्याने बहाल केलेले नाही. आधी यात्रेकरू आले, मग मैदाने झाली. आधुनिक विमानतळ तर तीनशे वर्षांनी आला. म्हणून इथल्या खेळांचा इतिहास उत्सवांपासून सुटा काढून सांगता येत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्याशिवायही तो पुरा होत नाही, कारण कुस्तीत मोठेपणाचा मान लातूरकडेच जातो.

दहावे गुरू गोबिंदसिंघजी १७०८ साली नांदेडला आले. गोदाकाठी मठ करून राहणारा बैरागी माधोदास त्यांना इथेच भेटला आणि बंदासिंघ बहादूर होऊन पंजाबकडे गेला. शहरातला बंदाघाट त्याची आठवण सांगतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुरूंनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली आणि देह ठेवला. त्या जागी महाराजा रणजितसिंहांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात तखत सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिबची आजची वास्तू उभी राहिली. त्या वेळी हा मुलूख निजामाचा होता. पंजाबातून आलेली शीख कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून दखनी झाली, आणि आजही उत्सवाचा मुख्य भार तीच उचलतात.

हल्लाबोल. आनंदपूरला गुरूंनी युद्धसरावाचा जो होला मोहल्ला सुरू केला, त्याचे नांदेडचे रूप म्हणजे हल्लाबोल. दसऱ्याला आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी ही मिरवणूक निघते. अरदास झाली की निशाणसाहिब पुढे होते. मागे पंजप्यारे, निळ्या बाण्यातले निहंग, झूल घातलेले घोडे आणि कीर्तनाचे जथे. घोड्यांना इथे विशेष मान आहे, कारण तबेल्यातला एक वंश गुरूंच्या घोड्याचा मानला जातो. महावीर चौकापर्यंत सगळे संथ चाललेले असते. तिथे जयकारा होतो आणि हजारो लोक उपसलेल्या तलवारी, भाले घेऊन एकदम धाव घेतात. रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या पायऱ्यांवर आणि गच्च्यांवर उभे राहून सगळे नांदेड हे पाहते. त्यात शिखेतरच जास्त असतात. पाहायला पहिल्यांदा आलेला माणूस दचकतो, पण धाव शत्रूवर नसते, ती कवायत असते. हत्यार हातात असताना गर्दीतून पळत जायचे आणि कुणाला खरचटूही द्यायचे नाही, हे कौशल्य लहानपणापासूनच्या सरावाने येते. २०२१ साली करोनाच्या निर्बंधांमुळे मिरवणुकीला परवानगी नव्हती. तेव्हा २९ मार्चला जमाव आणि पोलीस यांच्यात झटापट होऊन पोलीस जखमी झाले. परंपरा आणि प्रशासन एकमेकांशी वेळेवर बोलले नाहीत तर काय होते, त्याची ही नोंद शहराने विसरू नये.

याच सरावातून गतका खेळ म्हणून पुढे आला. लाकडी सोटी आणि छोटी ढाल (फरी) घेऊन तो खेळतात. आता त्याला गुणपद्धती आहे. खेलो इंडिया युवा स्पर्धांत तो आला आणि २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धांतही खेळला गेला. गल्लीतल्या आखाड्यात शिकलेल्या पोराला प्रमाणपत्र मिळू लागले, ही मोठी गोष्ट आहे.

तखतस्नान. दिवाळीच्या तोंडावर होणारा हा विधी हल्ल्याइतका प्रसिद्ध नाही, पण नांदेड समजून घ्यायचे तर तोच पाहावा. भाविक घागरी घेऊन गोदावरीवर जातात आणि भरलेल्या घागरी खांद्यावरून तखतापर्यंत आणतात. त्या पाण्याने वास्तू धुतली जाते. जुनी शस्त्रे बाहेर काढून साफ केली जातात. वाटेत सगळे ओलेचिंब झालेले असतात. ज्या नदीचे पाणी तखताला चालते, तिच्यातच शहराच्या नाल्यांचे सांडपाणी मिसळते. घाटांच्या सुशोभीकरणाइतकेच लक्ष या नाल्यांकडे गेले असते तर बरे झाले असते.

गुरुतागद्दी त्रिशताब्दी, २००८. शहराने भरवलेला हा आजवरचा सर्वांत मोठा सोहळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात देशविदेशातून लाखो भाविक आले. त्यासाठी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडचा समावेश झाला. १९९७ साली स्थापन झालेल्या, तुलनेने लहान महापालिकेला मुंबई-पुण्याच्या पंक्तीतला निधी मिळाला. रस्ते रुंद झाले, गोदावरीवर पूल आले, घाट बांधले गेले, यात्री निवासे उभी राहिली, विमानतळाला नवी इमारत आणि गुरू गोबिंदसिंघजींचे नाव मिळाले. रुंदीकरणात जुनी घरे-दुकानेही गेली. तरी आजच्या नांदेडचा चेहरा २००८ ने घडवला, हे कबूल करावे लागते. त्याआधीचे अरुंद रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. विमानसेवा मात्र मधल्या वर्षांत कधी सुरू, कधी बंद अशीच राहिली. उत्सवासाठी एकदा बांधणे सोपे असते, रोज चालवणे कठीण.

हॉकी. गुरू गोबिंदसिंघजींच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, खालसा हायस्कूलच्या मैदानावर त्यांच्या नावाच्या गोल्ड आणि सिल्व्हर कपसाठी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. पंजाबातले संघ येतात, सैन्याचे आणि सुरक्षा दलांचे येतात, महाराष्ट्रातले तर असतातच. कृत्रिम हिरवळीच्या जमान्यात हे सामने मातीवर होतात. मातीवर चेंडू उसळतो, अंदाज चुकवतो; टर्फवर वाढलेल्या खेळाडूला पहिला सामना जड जातो. इथला प्रेक्षक मैदानाच्या इतक्या जवळ असतो की काठीला काठी भिडल्याचा आवाज त्याला ऐकू येतो. क्रिकेटने जिल्ह्याजिल्ह्यांतून हॉकी हुसकावली असताना नांदेडने ती इतकी वर्षे जपली, याबद्दल या शहराला पुरेसे श्रेय मिळालेले नाही. एक टर्फ मैदान मिळायला हवे, ही इथल्या खेळाडूंची रास्त अपेक्षा आहे.

कुस्ती. इथे लातूर पुढे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी अधिवेशन लातूरला भरले आणि तो किताब घेतला याच जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी. पुढच्याच वर्षी त्यांनी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. घरच्या मातीत मारलेली कुस्ती आणि वर्षभरात परदेशात वाजलेले राष्ट्रगीत, यांमुळे लातूरच्या तालमींत जी भरती झाली तिचा परिणाम पुढे दिसत राहिला. अर्जुन पुरस्कार मिळवणारे काका पवार लातूर जिल्ह्याचेच. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती झाली, तेव्हा दोघेही पवारांचे पठ्ठे होते. मात्र पवारांची तालीम पुण्यात कात्रजला आहे. मराठवाड्यातल्या होतकरू मल्लाला अजूनही गाव सोडावे लागते; खुराक आणि खोलीभाडे यांत घरची जमीन खर्ची पडते. नांदेडला महाराष्ट्र केसरी २००१ साली झाली. गदा राहुल काळभोरने नेली.

महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन क्वचित येते, पण या भागातल्या कुस्तीला वर्षभर जिवंत ठेवतात त्या जत्रा. लातूरला महाशिवरात्रीपासून ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा भरते. त्यात कुस्त्यांचा फड ठरलेला. हलगी कडाडते, वस्ताद जोडी लावतो, पोरांच्या नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होऊन दिवस कलताना मोठ्या इनामाची कुस्ती सुटते. इथे गुणांना किंमत नाही. पाठ मातीला लागली पाहिजे, नाहीतर प्रेक्षक पैसे वसूल झाले असे मानत नाहीत.

माळेगावची यात्रा. लोहा तालुक्यातल्या माळेगावात मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. भंडाऱ्याने माणसे, जनावरे आणि रस्ता पिवळा होतो. ही यात्रा म्हणजे एकाच माळावर देवस्थान, बाजार, आखाडा आणि रंगमंच. घोडे, उंट, गाढवे विकायला येतात. नांदेडची लाल कंधारी आणि लातूरची देवणी या आपल्या भागातल्या दोन गोवंशांची जातिवंत जनावरे प्रदर्शनात उभी राहतात. ट्रॅक्टर आल्यापासून या जाती कमी होत चालल्या आहेत. अशा वेळी उत्तम वळूला सगळ्यांसमोर मान मिळणे हे पशुपालकाला बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोलाचे वाटते. जिल्हा परिषद कुस्त्या आणि लावणी महोत्सव भरवते. तमाशाच्या फडांचा मुक्काम पडतो आणि वाघ्या-मुरळी रात्र जागवतात.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या, म्हणजे इथली येळवस. नांदेड-लातूरचे लोक त्या दिवशी शेतात असतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. शेत नसलेल्यालाही बोलावणे असतेच. लातूर शहरात त्या दुपारी रस्ते ओस पडतात.

इतर. शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ फेब्रुवारीअखेरीस नांदेडला होणारा ‘संगीत शंकर दरबार’ हा मराठवाड्यातला शास्त्रीय संगीताचा महत्त्वाचा महोत्सव आहे. बंदाघाटावर दिवाळी पहाट रंगते. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. खेळाडूंत सध्याचे ठळक नाव मुखेड तालुक्यातल्या भाग्यश्री जाधव यांचे. बसून गोळाफेक करणाऱ्या भाग्यश्री टोकियोनंतर २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उतरल्या आणि उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलसोबत भारताचा तिरंगा त्यांच्या हाती होता.

पाहुण्यांसाठी. उत्सव तिथीने येतात, त्यामुळे पंचांग पाहूनच बेत आखावा. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस थेट नांदेडला येते. हल्लाबोलच्या दिवशी महावीर चौकाकडचे रस्ते बंद असतात, म्हणून दुपारआधीच जागा धरावी. गुरुद्वाऱ्यात डोके झाकून जावे. लंगरमध्ये पंगत रात्रंदिवस चालू असते आणि कुणालाही बसता येते. माळेगावला डिसेंबर-जानेवारीची थंडी माळावर झोंबते, तेव्हा मुक्काम करणाऱ्याने घोंगडी न्यावी.