दरवर्षी मीच कामून मरायचं?

 

आजचा भाग लढाईवर आहे. खरं तर खोट्या लढाईवर. मी वारंगा फाट्याचा, कळमनुरी तालुका, जिल्हा हिंगोली. नोकरी पुण्यात, कोडिंगची. दिवसभर खुर्चीत बसून पाठ गेली कामातून, म्हणून तीन वर्षांपूर्वी व्यायाम शोधायला निघालो. जिममध्ये मन रमेना. तेव्हा एका मित्रानं शनिवार-रविवारच्या मर्दानी खेळाच्या वर्गात नेलं. तिथून हा नाद लागला तो लागलाच.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हातात तलवार देतील. कसलं काय! पहिला महिना नुसते पवित्रे. म्हणजे पाय कुठं टाकायचा, वजन कुठल्या पायावर घ्यायचं, वळायचं कसं. मग लाठी. मग फरी-गदगा, म्हणजे लहान ढाल आणि कातडं गुंडाळलेली काठी, सरावात डोकं फुटू नये म्हणून. या सगळ्यानंतर कुठं पट्टा.

पट्टा हातात घेतला की कळतं हे काय प्रकरण आहे. त्याची मूठ म्हणजे लोखंडी खोळ, कोपरापर्यंत हात झाकणारी. मनगट पार जखडून जातं. त्यामुळे तो मनगटातून फिरतच नाही. खांदा, कंबर आणि पाय यांतून फिरतो. पवित्रे कच्चे असतील तर लवचीक पातं आपल्यालाच लागतं. महिनाभर पाय का घासून घेतले, ते तेव्हा समजलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं याच दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

ही विद्या टिकली ती तालमींमुळे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा शिकवला जायचा, आणि तिथं शिकलेल्यांत जोतीराव फुलेही होते. कोल्हापुरात तर आजही पेठापेठांत आखाडे आहेत. आमच्या भागात बघायचं तर नांदेड. फाट्यावरून तासाभराच्या अंतरावर. हजूर साहिबला होला महल्ल्याच्या दिवशी हल्लाबोल निघतो, घोडे, तलवारी, सगळं. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तो बघितला होता. या नादाचं मूळ तिथंच असावं.

बाहेरच्या जगातही असे वेडे आहेत बरं का. अमेरिकेत १९६६ पासून मध्ययुगीन पोशाखात लढणाऱ्यांची संघटना आहे. पोलंडमध्ये १४१० सालची ग्रुनवाल्डची लढाई दर जुलैमध्ये मैदानावर पुन्हा लढतात. आता विचार करा, लढाई उभी करायची तर दोन बाजू लागतात. म्हणजे दर वर्षी कुणीतरी हरणारे ट्युटॉनिक सरदार व्हावंच लागतं.

आता मुद्द्यावर येतो.

गावी फाट्यावरच्या पोरांचा आम्ही एक गट केलाय. दर शिवजयंतीला, १९ फेब्रुवारीला, पावनखिंडीचा प्रसंग करतो. ड्रेपरीवाल्याकडून कपडे येतात. आपले भगवे, शत्रूचे हिरवे. माझा एक शाळासोबती आहे, गटात सगळ्यात चांगली लाठी त्याची. तो मुसलमान आहे. आणि पहिल्या वर्षापासून तो सिद्दी मसूदच्या सैन्यात. कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नाही, आणि मीही त्यातलाच.

मागच्या वर्षी सरावाच्या आधी आम्ही फाट्यावर खिचडी खात होतो. तो सहज म्हणाला, "दरवर्षी मीच कामून मरायचं रे?"

मी हसलो. तोही हसला. पण त्या रात्री पुण्याच्या गाडीत झोप लागली नाही. मोबाइल काढला आणि पन्हाळ्याच्या वेढ्यावर जे मिळेल ते वाचत सुटलो. लाज वाटली मंडळी. तीन वर्षं मी ही लढाई खेळत होतो, पण त्यात कोण कुठल्या बाजूला होतं हेच मला माहीत नव्हतं.

ऐका. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफजलखान मारला गेला आणि त्याच महिन्यात महाराजांनी पन्हाळा घेतला. १६६० मध्ये अली आदिलशहानं सिद्दी जौहरला पाठवलं. वेढा पडला. जौहर मूळचा आफ्रिकी वंशाचा. सोबत अफजलखानाचा मुलगा फाजलखान. आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन आले, आपलं निशाण लावून! आमच्या प्रयोगात इंग्रज कधी दिसलेच नाहीत.

हा वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकर चालून आले. त्यांच्यासोबत कोण होतं? सिद्दी हिलाल, आणि त्याचा मुलगा वाहवाह. महाराजांच्या बाजूनं. तो हल्ला यशस्वी झाला नाही आणि वाहवाह घायाळ होऊन शत्रूच्या हाती सापडला. आपला मुलगा स्वराज्याच्या लढाईत गमावलेला हा बाप मला शाळेच्या पुस्तकात भेटल्याचं आठवत नाही.

पुढे १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं उभी राहिली, हे तुम्हाला माहीत आहे. पण महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा तिथंही वेढा होता, आणि तो कापूनच त्यांना वर जावं लागलं. तो वेढा कुणाचा? सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. आदिलशहाच्या बाजूचे मराठे सरदार! आणि ज्या बांदलांनी खिंड अडवली, ते बांदल सुरुवातीला महाराजांच्या विरोधात होते.

म्हणजे कोण कुठल्या बाजूचा, हे आडनावावरून किंवा धर्मावरून कळत नव्हतं. ज्यानं त्यानं बाजू निवडली होती, काहींनी ती बदललीही. बाजीप्रभू मोठे आहेत ते याच कारणानं. त्यांची निष्ठा कुणी जन्मानं दिलेली नव्हती, ती त्यांनी निवडली आणि जीव देऊन पाळली.

या वर्षी मी गटासमोर हे सगळं मांडलं. वाद झाला. "लोकांना कळणार नाही", "उगाच वाकडं होईल", असं बरंच. शेवटी ठरलं, भूमिका चिठ्ठ्या टाकून द्यायच्या, हिरवे-भगवे कपडे बंद, आणि वेढ्यावरच्या हल्ल्याचा एक नवा प्रवेश घालायचा. माझ्या चिठ्ठीत आलं, सूर्यराव सुर्वे. फाट्यावर, आईसमोर, मी महाराजांची वाट अडवून उभा! आई घरी येऊन म्हणाली, "तुला दुसरं कोणतं सोंग भेटलं नाही का?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तीन वर्षं माझ्या मित्राच्या घरी काय वाटलं असेल.

आणि त्याचं काय? हिलालचा प्रवेश आधी कुणाला माहीतच नव्हता, म्हणून ती एक भूमिका चिठ्ठीत टाकली नाही, त्याला विचारली. त्यानं हो म्हटलं. प्रयोग संपल्यावर घामानं निथळत माझ्याशेजारी येऊन बसला.

"लेका," तो म्हणाला, "इथं बी हरायचंच व्हतं की."

"हो."

"चालतंय. आपल्याकून हारलो."

तर मंडळी, तुमच्या गावात शिवजयंतीला जो प्रसंग होतो, त्यात शत्रू कोण होतं आणि का होतं, ते एकदा शोधा. जमलं तर एक वर्ष त्या बाजूनं उभे राहून बघा. पट्टा फिरवण्यापेक्षा अवघड आहे. भेटू पुढच्या भागात. राम राम.