ख्रिस्तपुराण आणि मिशनांचा इतिहास

मिशनांचा इतिहास बहुधा पाद्र्यांनीं युरोपांत धाडलेल्या पत्रांवरून लिहिला गेला. श्रोत्यांचा पक्ष त्यांत क्वचितच येतो. गोमंतकांतील साष्टीचें उदाहरण घ्यावें. १५६७ सालीं रायतूरच्या पोर्तुगीज किल्लेदारानें तेथील देवळें पाडलीं. १६१६ सालीं त्याच रायतुरांत फादर स्टीफन्सचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापलें गेलें. एका पक्षानें केवळ जुलूम सांगावा, दुसऱ्यानें केवळ भाषाप्रेम, हें इतिहासलेखन नव्हे. धर्म पालटला तरी ओवीवांचून चालेना, कारण नवख्रिस्त्यांस पुराणश्रवणाची ओढ होतीच. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितेंच काय तीं उरलीं. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, रोमन अक्षरांचें जीर्ण पान पोर्तुगीज समजून टाकूं नये. आधीं वाचून पाहावें, कदाचित् तें मराठीच असेल.