घर गरम ठेवणारा बॉयलर : नवा घ्यावा की वापरलेला?

ब्रिटनमध्ये घर गरम ठेवण्यासाठी लावलेला गॅस बॉयलर साधारण १० ते १५ वर्षे टिकतो. वापरलेला बॉयलर स्वस्त मिळतो; पण बसवण्याची मजुरी नव्याइतकीच पडते, वॉरंटी बहुधा नसते आणि आतला गाळ, गंज बाहेरून दिसत नाही. मुख्य धोका कार्बन मोनॉक्साइडचा. सदोष बॉयलरमधून सुटणाऱ्या या विषारी वायूला ना रंग असतो, ना वास. म्हणून बॉयलर नवा असो वा जुना, ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञाकडूनच बसवावा आणि घरात या वायूचा अलार्म लावावा. वापरलेला घ्यायचाच असेल, तर त्याचे वय आणि दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी आधी पाहाव्यात. त्या मिळत नसतील, तर नवाच घेणे शहाणपणाचे.