पेज

पेज : धान्य किंवा त्याचे पीठ कितीतरी पट पाण्यात मंद आचेवर शिजवून केलेला, ओरपता येईल इतपत पातळ पदार्थ. कोकणात आणि गोव्यात पेज म्हटले की शितांसकट असलेली तांदळाची पेज समजतात. देशावर भात वेळताना निथळून काढलेल्या पिठूळ पाण्यालाही पेजच म्हणतात. आंबील, कण्या, माडगे, तिझान, लापशी, खिमट हे सगळे याच कुळातले. शहरी घरांत पेज आठवते ती ताप आल्यावर किंवा पोट बिघडल्यावर. ही ओळख फार अपुरी आहे. किनारपट्टीवर पेज हे शेतात राबणाऱ्या माणसाचे भर सकाळचे जेवण आहे. ते करण्याची आणि त्यासोबत काय खायचे याची पूर्ण वाढलेली रीत आहे.

प्राचीन शास्त्र. आयुर्वेदाने या पदार्थाकडे फार बारकाईने पाहिले. शार्ङ्गधरसंहितेत धान्याच्या चौपट पाण्यात विलेपी, सहापट पाण्यात यवागू आणि चौदापट पाण्यात मंड शिजवावा असे प्रमाण दिले आहे. मंडात शिते नसतात, ते फक्त वरचे पाणी. पेयेत थोडी शिते असतात. विलेपी दाट, जवळजवळ गुरगुट्या भातासारखी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या विकारांसाठी 28 यवागू सांगितल्या आहेत. पंचकर्मातील शोधनानंतर रुग्णाला आधी पातळ पेया, मग विलेपी, मग भात असे चढत्या क्रमाने अन्न देण्याची पद्धत आजही वैद्य पाळतात. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंना यागू, म्हणजे यवागू, घेण्याची मुभा देताना तिचे दहा गुण मोजून दाखवले आहेत. भूक भागवते आणि तहानही, हे त्यांतले पेजेला आजही सर्वांत चपखल लागू पडणारे गुण.

उकड्या तांदळाची पेज. सिंधुदुर्ग, रत्नागिरीचा दक्षिण भाग आणि गोवा इथली खरी पेज उकड्या तांदळाची. साळ भिजवायची, सालासकट उकडायची, खळ्यात वाळवायची आणि मग भरडायची, असा हा तांदूळ. उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्याच्या आत उतरतो, म्हणून सडल्यानंतरही तो टिकतो. शिवाय एकदा शिजून पुन्हा घट्ट झालेला हा दाणा तासभर उकळला तरी विरघळत नाही. सुरय तांदळाची, म्हणजे न उकडलेल्या तांदळाची पेज करता येते, पण तिची लवकरच खळ होते. उकड्याच्या पेजेत पाणी पिठूळ आणि शीत मात्र दाताखाली येणारे, ही जोडी जमते. त्यातही तांबूस, कोंडा राखलेल्या तांदळाला जो मातकट-गोड वास असतो तो पांढऱ्याला नाही. गोव्यात खाजन जमिनीत, खाऱ्या पाण्याला न जुमानता पिकणारा कोरगुट तांदूळ याच कारणाने जाणकार मागून घेतात.

कृती सोपी, पण घाईची नाही. एक वाटी उकडा तांदूळ दोन-तीनदा धुऊन अर्धा-पाऊण तास भिजवावा. जाड बुडाच्या टोपात आठ-दहा वाट्या पाण्याला आधण आणून त्यात तांदूळ वैरावा. एक उकळी आली की आच मंद करावी. झाकण पूर्ण लावले तर पेज हमखास उतू जाते, म्हणून ते थोडे कलते ठेवावे. पहिली वीस मिनिटे पाणी आणि दाणे वेगवेगळे दिसतात. मग दाण्याचे पोट फुगते, तो मधोमध उकलतो आणि पाण्याला तकाकी येऊ लागते. डाव उचलून धार सोडावी: पाण्यासारखी तुटक पडली तर अजून वेळ आहे, सलग आणि जरा जड पडली तर झाली. साधारण पाऊण ते एक तास. मीठ शेवटी. आटली तर गरम पाणीच घालावे. गार पाणी घातल्यास पेज फुटल्यासारखी होते, पाणी वर आणि शिते खाली बसतात. कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्यांत काम होते खरे, पण दाणे एकदम फाटतात आणि पेजेला अंग येत नाही. वेळ नसेल तर कुकरमध्ये निम्मी शिजवून पुढे उघड्या टोपात वीस मिनिटे उकळावी, हा चांगला मध्यममार्ग.

पेजेचे तोंडी लावणे. पेज स्वतः जवळजवळ बेचव आहे आणि ती तशीच असायला हवी. चव बाहेरून येते. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, चुरून, वर खोबरेल तेलाचे चार थेंब, सुक्या जवळ्याची किंवा सोड्यांची कांदा-खोबऱ्याची किसमूर, खारातल्या कैऱ्या, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्यांची उसळ, सुक्या मिरच्यांची खोबऱ्याची चटणी, पोह्याचा किंवा उडदाचा भाजलेला पापड. माशाच्या शिळ्या आमटीचा आटवून दाट केलेला गोळा पेजेबरोबर जितका चांगला लागतो तितका ताज्या भाताबरोबर नाही. गोव्यात शेतावरच्या माणसांची पेज सकाळी अकराच्या सुमारास होते. पहाटेपासून चिखलात उभे राहिलेल्याला त्या वेळी पाणी, मीठ आणि धान्य एकदम मिळते, आणि पोट जड न होता दुपारपर्यंत काम होते. पावसाळ्यात पेज गरम, चैत्र-वैशाखात कोमट किंवा गार. काही घरांत उतरवताना नारळाचा रस घालतात, मुलांसाठी गूळ-खोबरेही. या सगळ्यांत एकच नियम आहे: तोंडी लावणे खारट, आंबट किंवा तिखट हवे. गोडसर भाजीबरोबर पेज फिकी पडते.

आंबील. घाटावर पेजेची जागा आंबिलीने घेतली. नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ पाण्यात किंवा पातळ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवतात. सकाळपर्यंत दुग्धाम्ल जिवाणू कामाला लागलेले असतात: वास आंबूस, वर बारीक बुडबुडे. या आंबवण्याने पिठातील फायटिक आम्ल कमी होते, त्यामुळे लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते. चार चमचे पिठाला तीन कप पाणी उकळत ठेवून त्यात हे कालवण बारीक धारेने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळायचे. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले की गुठळ्या झाल्याच. आठ-दहा मिनिटांत कच्चा वास जातो, रंग गडद होतो, पळीवर चकचकीत थर बसतो. निवल्यावर ताक, मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण, कोथिंबीर. ताक गरम आंबिलीत घालू नये, फाटते. उन्हाळ्यात मातीच्या मडक्यातली आंबील कोणत्याही बाटलीबंद सरबतापेक्षा शंभर पटींनी चांगली.

आंबील पंगतीतही मानाची आहे. विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्यात पुरणपोळीइतकीच ज्वारीची आंबील अगत्याची असते. कोल्हापुरात मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यात्रेनंतर रेणुकेची आंबील यात्रा भरते आणि घरोघरच्या आंबिलीचा नैवेद्य देवीला जातो. गरिबाच्या चुलीवरचा पदार्थ देवघरात नेण्याची ही रीत कण्यांच्या बाबतीतही दिसते: विदुराघरी कृष्णाने कण्या आवडीने खाल्ल्याची कथा कीर्तनातून महाराष्ट्रभर पोचली आहे.

इतर प्रकार. ज्वारी भरडून, पीठ चाळून राहिलेल्या जाड कणांच्या कण्या शिजवून ताकाबरोबर किंवा दुधाबरोबर खातात. मराठवाड्यात हे पूर्वी रोजचे संध्याकाळचे जेवण होते. सोलापूर-सांगलीकडे हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे माडगे करतात: भाजलेल्या हुलग्याचे पीठ, पाणी, गूळ किंवा मीठ-लसूण. सर्दी-पडशात ते गरमागरम पितात. गोव्यात नाचणी, गूळ आणि नारळाच्या रसाचे तिझान असते. गव्हाच्या दलियाची लापशी तुपावर नीट खमंग परतली तरच मोकळी आणि सुवासिक होते. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये मडियाची, म्हणजे नाचणीची पेज वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून शेतावर नेतात; तुंब्यात ती दिवसभर गार राहते.

तान्ह्या मुलांसाठी. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या अन्नाची सुरुवात मराठी घरांत बहुधा खिमटाने होते. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, मंद भाजून, रवाळ दळून ठेवायची आणि लागेल तसे पाण्यात शिजवून वर साजूक तूप घालायचे. इथे एक चूक फार घरांत होते: बाळाला पचावे म्हणून खिमट पाण्यासारखे पातळ करतात. बाळाचे पोट लहान असते, ते पाण्यानेच भरते आणि पोषण कमी पडते. चमच्यातून सहज ओघळणार नाही इतके ते दाट हवे. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ इथे फार उपयोगी पडते. मोड येताना तयार होणारी विकरे स्टार्च तोडतात, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी गिळायला सोपी राहते. नाचणी भिजवून, वाटून, गाळून, खाली बसलेला साका वाळवून केलेले सत्त्व पचायला हलके खरे, पण गाळताना कोंडा आणि त्याबरोबरची खनिजे बरीचशी जातात. रोजच्यासाठी मोड आलेले पीठच बरे.

आहारमूल्य. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. मात्र एका माणसाच्या आंबिलीत जेमतेम 25–30 ग्रॅम पीठ जाते, म्हणजे कॅल्शियम शंभर मिलिग्रॅमच्या घरात. तेवढ्यावर दूध-दही सोडून देणे योग्य नाही. जुलाब होत असताना मीठ घातलेली तांदळाची पेज हे घरच्या घरी देता येणारे उत्तम पेय आहे; पण मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले तर पेजेवर विसंबू नये, दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की खूप शिजलेले स्टार्च रक्तात साखर लवकर सोडते. नुसती पेज पिण्यापेक्षा थोडी पेज आणि भरपूर उसळ असे प्रमाण ठेवावे. तोंडी लावणे बहुतेक खारट असल्याने रक्तदाब असलेल्यांनी पेजेत वेगळे मीठ घालू नये.

प्रसार. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात मिरी आणि जिरे घातलेल्या तांदळाच्या पाण्याची, कांजीची नोंद केली आहे. हाच पदार्थ पोर्तुगीजांबरोबर समुद्रापार गेला. आज पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये ‘कांजा’ म्हणजे तांदूळ घातलेले कोंबडीचे सूप, आणि तेही आजाऱ्यालाच आधी आठवते. केरळात कर्कटक महिन्यात औषधी कांजी घेतात. ओडिशात भातात पाणी घालून आंबवलेला पखाळ आहे.

जपणूक. उरलेली पेज तासा-दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून संपवावी. शिजलेला तांदूळ रात्रभर बाहेर राहिला तर त्यात वाढणारे काही जिवाणू असे विष तयार करतात की ते पुन्हा उकळूनही जात नाही. उकडा तांदूळ विकत घेताना कमी सडलेला, तांबूस पट्टे दिसणारा मागून घ्यावा. तो जुना असेल तर पाणी एक वाटी जास्त लागते.