शके ९८२ आणि क्षणाला नाव देणारे तर्कशास्त्र

अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी उभ्या असलेल्या शिवमंदिराच्या काळनिश्चितीचा बराचसा भार उत्तर दारावरील एका लहान शिलालेखावर आहे, आणि त्या लेखाचा भार पुन्हा त्यातील एका आकड्यावर आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात या लेखाचे पहिले वाचन केले, तेव्हा तो आकडा शके ७८२ असा लावला गेला होता. पुढे भगवानलाल इंद्रजी यांच्या सुधारित वाचनात तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा ठरला आणि तोच आज ग्राह्य आहे. लेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मामवाणी राजाचे नाव येते, आणि त्याचा वडील भाऊ छित्तराज याच्या कारकिर्दीत सुरू झालेले काम मामवाणीच्या काळात पुरे झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. छित्तराजाचा भांडुप येथील ताम्रपट शके ९४८ चा आहे. तेव्हा ७८२ हा आकडा खरा धरला असता, तर धाकट्या भावाचा लेख थोरल्या भावाच्या ताम्रपटाआधी १६६ वर्षे कोरला गेला, असे म्हणण्याची पाळी आली असती.

या दुरुस्तीमागे जो विचार आहे, त्याला आधुनिक तर्कशास्त्रात हायब्रिड लॉजिक या शाखेने नेमके रूप दिले. तिचे मूळ मोडल लॉजिक, म्हणजे प्रकारता-तर्कशास्त्र, यात आहे. एखादे विधान खरे की खोटे एवढेच न पाहता ते अवश्य खरे आहे की केवळ शक्य आहे, याचा विचार हे शास्त्र करते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ आर्थर प्रायर (१९१४–१९६९) यांनी १९५० च्या दशकात हीच रीत काळाला लावली आणि ‘शक्य आहे’च्या जागी ‘पूर्वी केव्हातरी असे होते’ व ‘पुढे केव्हातरी असे होईल’ ही चिन्हे आणली. या भाषेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात बोलणारा नेहमी काळाच्या आत, कोणत्यातरी वर्तमानात उभा असतो. साऱ्या काळावर वरून नजर टाकण्याची सोय त्याला नसते.

मात्र इतिहासकाराला लागणारे एक साधे अनुमान या भाषेत करता येत नाही. ‘पूर्वी केव्हातरी मामवाणी राज्य करीत होता’ आणि ‘पूर्वी केव्हातरी अंबरनाथचे देऊळ पुरे झाले’ ही दोन्ही विधाने खरी असली, तरी देऊळ मामवाणीच्या राज्यात पुरे झाले असे त्यांवरून निघत नाही, कारण दोन ‘केव्हातरी’ एकच असण्याची हमी कोणी दिलेली नसते. प्रायर यांनी १९६० च्या दशकात, विशेषतः ‘पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर’ (१९६७) या ग्रंथात, यावर जो उपाय काढला तो धीट होता: क्षणाचे नाव हेच एक विधान मानायचे, असे विधान की जे सबंध काळात नेमक्या एकाच ठिकाणी खरे असते. अशा विधानाला येथे नामविधान म्हणता येईल. ‘आज शुक्रवार आहे’ हे दर आठवड्याला खरे होते, ‘श्रावण चालू आहे’ हे दर वर्षी. वर्षाला एकक मानले, तर ‘हे शके ९८२ आहे’ हे मात्र एकदाच. (वर्ष हा क्षण नव्हे, हे खरेच, परंतु काळाची जाळी किती बारीक विणायची, हे तर्कशास्त्र अभ्यासकावर सोपवते.) हे नाव वरच्या दोन्ही विधानांत गोवले, की ती एकाच जागी मिळतात आणि अडलेले अनुमान पुढे सरकते. वर्षाचे नाव चुकले, तर अनुमानाचा तोलही जातो. ७८२ आणि ९८२ यांच्या वादात एवढे सगळे पणाला लागले होते.

नामविधानांच्या जोडीला पुढे ‘अमुक ठिकाणी हे खरे आहे’ असे सांगणारे चिन्ह आले. कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव देऊन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ८ ऑगस्ट १९४९ रोजी कोनशिला बसवली, हे वाक्य उद्या वाचले काय किंवा शंभर वर्षांनी वाचले काय, त्याची सत्यता हलत नाही. कल्याणहून बदलापूरवरून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली खुला झाला. तो या कोनशिलेच्या आधीचा, हेही आता त्याच भाषेत मांडता येते.

नाव नसले की केवढे अंधारात राहावे लागते, हे उल्हासनगरात चांगले दिसते. तेथील माणूस आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असे म्हणतो. समजा हे क्रमांक नाहीत आणि ‘येथे कॅम्प आहे, पुढेही कॅम्प आहे, त्याच्याही पुढे कॅम्प आहे’ एवढेच बोलता येते. तर कॅम्पांची कधीच न संपणारी रांग आणि फिरून स्वतःपाशीच येणारा एकुलता एक कॅम्प, यांतला फरक साध्या मोडल लॉजिकला कोणत्याही वाक्याने सांगता येणार नाही. ‘कोणताही क्षण स्वतःच्या आधी येत नाही’ हा काळाचा उघड नियम त्या भाषेत बसत नाही, तो याच कारणाने. नामविधान हाती असले, की तो एका ओळीत लिहून होतो.

प्रायर यांच्यानंतर रॉबर्ट बुल यांनी १९७० मध्ये, १९८० च्या दशकात सोफियातील पासी, टिंचेव्ह व गार्गोव्ह यांनी आणि १९९० च्या दशकात पॅट्रिक ब्लॅकबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार वाढवला. नावे आणि ‘अमुक ठिकाणी’ हे चिन्ह एवढीच भर घातली, तर मूळ मोडल लॉजिकमध्ये वाक्याची संगती तपासण्याला जितके कष्ट पडतात, तितक्याच प्रतीचे कष्ट येथेही पडतात, असे कार्लोस आरेसेस, ब्लॅकबर्न आणि मार्टेन मार्क्स यांनी दाखवले. एवढ्या स्वस्तात एवढे बळ मिळणे तर्कशास्त्रात विरळाच. परंतु ‘आत्ताच्या या क्षणाला नाव दे आणि पुढे त्याकडे परत बोट दाखव’ असे सांगणारे आणखी एक चिन्ह त्यात घेतले, की कोणतेही वाक्य सुसंगत आहे की नाही हे हमखास ठरवणारी यांत्रिक रीतच उरत नाही. त्यामुळे संगणकीय ज्ञानसाठ्यांसाठी २००४ साली प्रमाणित झालेल्या ‘आउल’ या वेब-भाषेने नामविधानांना जागा दिली, ते दुसरे चिन्ह मात्र बाहेरच ठेवले.